सिंफनी, गीतरामायण आणि मावळचा श्रोता : नभोवाणीवरील रचनाकाराचे स्थान (१९२७ ते १९५७)

प्रस्तावना

इ.स. २००५ च्या जून महिन्यात ब्रिटनच्या सार्वजनिक नभोवाणीने, म्हणजे बीबीसीने, आपल्या 'रेडिओ ३' या वाहिनीवर सुमारे आठवडाभर बेथोव्हेन या एकाच रचनाकाराचे समग्र संगीत प्रसारित केले. त्याच्या नऊही सिंफनी बीबीसी फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने जानआंद्रेआ नोसेदा यांच्या संचालनाखाली वाजविल्या होत्या. त्या श्रोत्यांना आपापल्या संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतील अशी सोय करण्यात आली आणि तेरा लाखांहून अधिक वेळा त्या उतरवून घेतल्या गेल्या. ध्वनिमुद्रिकांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना हे रुचले नाही. सार्वजनिक पैशाने तयार झालेले संगीत फुकट वाटले तर आपल्या मुद्रिका कोण घेणार, असा त्यांचा आक्षेप होता.

त्याच वर्षी महाराष्ट्रात गीतरामायणाच्या प्रथम प्रसारणास ५० वर्षे पूर्ण झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि सार्वजनिक नभोवाणीने एका रचनाकाराची संपूर्ण मालिका क्रमाने, ठरलेल्या वेळी, सर्वांसाठी सादर करणे ही कल्पना दोन्हींच्या मुळाशी आहे. युरोपात ही कल्पना स्वाभाविक वाटते, कारण तेथील अभिजात संगीत लिखित आहे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत लिहिलेली, बहुधा चार खंडांची दीर्घ रचना. वाजविणारे बदलतात, रचना रचनाकाराच्या नावावर कायम राहते. भारतीय अभिजात संगीतात याच्या उलट स्थिती आहे. तेथे बंदिश जुनी, पुष्कळदा अनामिक. मैफल मात्र गाणाऱ्याची. अशा परंपरेत नभोवाणीने उत्सव करावा तो कोणाचा, हा प्रश्न १९२७ ते १९५७ या तीस वर्षांत मराठी मुलखात प्रत्यक्ष उभा राहिला. मुंबईत सिंफनी होती, वाद्यवृंद होता, नभोवाणीचा युरोपीय संगीत विभागही होता. तरीही अशी मालिका रुजली ती पुण्यात. आणि ती रुजली तेव्हा केंद्र सरकारचे संगीतविषयक धोरण तिच्या कर्त्यांच्या व्यवसायाविरुद्ध उभे होते. या विसंगतीचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा विचार करताना दृष्टी शहरातील सभागृहावर न ठेवता मावळातील तिकोणा पेठेसारख्या गावावर ठेवली आहे. मुंबई आणि पुणे या दोन केंद्रांच्या मधोमध असलेल्या श्रोत्याला काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय 'सार्वजनिक' या शब्दाला अर्थ येत नाही.

वीज मावळची, सूर मुंबईचे

तिकोणा ऊर्फ वितंडगडाच्या पायथ्याशी, पवन मावळात तिकोणा पेठ वसली आहे. रस्त्याने पुणे सुमारे ६० किलोमीटर. मुंबई त्याहून दूर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. या मुलखाचे मुंबईशी नाते फार जुने. ते विसाव्या शतकात पाण्याचे नाते झाले. लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे टाटांनी तलाव बांधले. त्यांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. पवन मावळालगतच्या मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो अयशस्वी ठरला, धरण उभे राहिले आणि त्याच्या पाण्यावरचे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये चालू झाले.

त्याच १९२७ सालच्या २३ जुलैस व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. मावळच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या आणि घरांत दिवे लागत होते. आता त्याच विजेवर घरातले रेडिओही बोलू लागले. मावळच्या गावांत मात्र वीज यावयास पुढे कित्येक दशके लागली. कंपनीचे श्रोतेही मोजकेच होते. १९२७ च्या अखेरीस संपूर्ण देशात संचपरवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते. अशा तुटपुंज्या उत्पन्नावर कंपनी टिकणे शक्य नव्हते. १९३० मध्ये ती बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. १९३६ च्या जूनमध्ये या सेवेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

काउफमान यांचा विभाग

या नव्या नावाच्या संस्थेत मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग ज्यांनी सांभाळला ते वॉल्टर काउफमान यांचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिनमध्ये फ्रांत्स श्रेकर यांच्यापाशी त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३४ मध्ये ते मुंबईस आले. काही महिन्यांतच त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. व्हायोलिनवादक मेहली मेहता हे तिच्या प्रमुख वादकांपैकी होते. स्वतः मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. जगविख्यात संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. १९३७ ते १९४६ या काळात काउफमान ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते.

दिल्लीत याच सुमारास जॉन फाउल्ड्स हे इंग्रज रचनाकार तशाच पदावर होते. भारतीय वाद्ये व वादक घेऊन स्वरलिपीवरून वाजविणारा वृंद तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न १९३९ मध्ये कलकत्त्यास त्यांचे निधन झाल्याने अर्धवट राहिला. हार्मोनियमचे बांधीव स्वर भारतीय गायकीस मारक आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. हे मत इतरही अनेकांचे होते आणि १९४० च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढले. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. भारतीय संगीत शुद्ध राखण्याच्या आग्रहास एका युरोपीय संगीतकाराने शब्द पुरविले, ही गोष्ट येथे नोंदवून पुढे जाणे इष्ट.

मुंबई केंद्रावरील युरोपीय संगीताचा श्रोतृवर्ग ठरलेला होता : शहरातील युरोपीय, पारशी, गोव्याकडील ख्रिस्ती आणि थोडे इंग्रजी शिक्षित हिंदू व मुसलमान. महायुद्धाच्या काळात बेथोव्हेनची पाचवी सिंफनी जगभर एका वेगळ्याच कारणाने कानांवर पडू लागली. तिच्या आरंभीचे तीन ऱ्हस्व व एक दीर्घ असे चार ठोके तारायंत्राच्या संकेतलिपीत 'व्ही' या इंग्रजी अक्षराचे चिन्ह आहेत. बीबीसीने १९४१ पासून विजयाचे चिन्ह म्हणून हेच ठोके वापरले. जर्मन रचनाकाराचे सूर जर्मनीविरुद्धच्या युद्धात वाजले. मुंबईत ते समजून घेणारा एक माणूस स्वतः त्याच जर्मनीमुळे परागंदा झालेला होता.

तथापि काउफमान यांची खरी देणगी सिंफनीची नव्हे. ऑल इंडिया रेडिओची संकेतधून सामान्यतः त्यांच्या नावे सांगितली जाते. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर व्हायोलिनची शिवरंजनीच्या वळणाची ती छोटी सुरावट पहाटे केंद्र सुरू होताना पिढ्यानुपिढ्या ऐकली गेली. ती ऐकणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोड्यांनी तिच्या कर्त्याचा विचार केला असेल. ज्या परंपरेत प्रत्येक रचनेवर कर्त्याचे नाव असते तेथून आलेला हा संगीतकार भारतात मात्र अनामिक झाला. मायदेशीच्या रिवाजाप्रमाणे लिहिलेले त्याचे संगीत मूठभरांनी ऐकले. नावाशिवायचे सर्वांनी ऐकले. १९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडातील विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे ते संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन करीत राहिले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ चा. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्यास सहा केंद्रे आली. त्यांचे प्रसारण देशाच्या अवघ्या अडीच टक्के भूभागापर्यंत आणि ११ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत असे. मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर मुंबई हेच एक केंद्र होते.

केसकरांचे धोरण

१९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. ते पुण्यात १९०३ साली जन्मलेले, पॅरिसला डॉक्टरेट केलेले, स्वतः ध्रुपद शिकलेले गृहस्थ होते. त्यांच्या कारकिर्दीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि त्यातील बरीचशी रास्त आहे. परंतु त्यांना केवळ हटवादी म्हणून निकालात काढणे सोपे असले तरी इतिहासास धरून नाही. संस्थानांचा आश्रय संपला होता. गवई आणि बीनकार उघड्यावर पडण्याची वेळ होती. अशा वेळी राज्यसंस्थेने नभोवाणीच्या द्वारे आश्रयदात्याची जागा घ्यावी, हा त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी अमलात आणला. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री एकाच कलावंताचे दीर्घ गायन वा वादन देशभरच्या केंद्रांवरून ऐकू येऊ लागले. कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी देणारी मंडळे आली. त्यांत भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना प्रमुख स्थान होते. प्रतिष्ठित गवयांनी परीक्षेस बसावे काय, यावरून मोठे वादळ उठले. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. केसकरांची ही सारी रचना गाणाऱ्या-वाजविणाऱ्या व्यक्तीभोवती होती. शनिवार रात्रीच्या कार्यक्रमात निवेदक कलावंताचे नाव सांगे, रागाचे सांगे, तालाचे सांगे. बंदिश कोणाची हे बहुधा कोणी विचारीत नसे. परंपरेस धरूनच हे होते.

रचनाकारासाठी केसकरांनी एक दार उघडले ते वाद्यवृंदाचे. दिल्लीत १९५२ मध्ये रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला. पुढे १९५६ पासून १९६० मधील आपल्या निधनापर्यंत बासरीवादक पन्नालाल घोष यांनी त्याचे संचालन केले. 'कलिंगविजय' यासारख्या त्यांच्या रचना एखाद्या प्रसंगाचे वा ऋतूचे चित्र वाद्यांतून उभे करणाऱ्या होत्या. सिंफनीस भारतीय पर्याय निर्माण करण्याची ही सरकारी पातळीवरील सर्वांत गंभीर खटपट. तिच्यात थोर कलावंत होते, पैसा होता, देशव्यापी प्रक्षेपण होते. तरीही या रचना लोकांच्या ओठी बसल्या नाहीत. याचे कारण रचनांच्या दर्जात शोधण्यापेक्षा प्रसारणाच्या रीतीत शोधावे हे उचित. सिंफनी युरोपीय श्रोत्याच्या अंगवळणी पडली ती पुनःपुन्हा वाजल्यामुळे. आकाशवाणीचा वाद्यवृंद बहुधा एक रचना वाजवी आणि पुढच्या रचनेकडे वळे. ज्याची पुनरुक्ती नाही ते श्रुतीत राहते, स्मृतीत जात नाही.

याच काळात चित्रपटगीतांचे काय झाले ते प्रसिद्धच आहे. प्रथम त्यांचा वेळ कमी करण्यात आला. त्यानंतर गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे सरकारी खर्चाने जाहिरात करणे होय, असे ठरवून ते नाव गाळण्यात आले. निर्मात्यांनी संतापून गीते वाजविण्याची परवानगी काढून घेतली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'ने मुंबईत तयार झालेले संगीत कोलंबोमार्गे भारतात परत आणले.

एका परिणामाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. चित्रपटगीत काढून टाकल्यावर रिकामी झालेली वेळ भरणे भाग होते. केवळ ख्याल आणि ध्रुपद ऐकवून ती भरणार नव्हती. म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले. त्यांना कवी हवे होते, चाली बांधणारे हवे होते. आणि लोकांना आवडेल अशी चाल बांधणारे जे जाणकार देशात होते, ते बहुतेक चित्रपटसृष्टीतच होते.

पुणे केंद्र आणि ५६ गीते

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते. तेथे अनेक भाषांना आणि अनेक संगीतप्रकारांना वेळ वाटून द्यावा लागे. पुणे केंद्र नवे होते, एकभाषी होते आणि त्याची घडी अद्याप बसलेली नव्हती. या केंद्रावर सीताकांत लाड कार्यक्रमांचे काम पाहत होते. गजानन दिगंबर माडगूळकरांशी त्यांची जुनी मैत्री होती. वर्षभर चालेल अशी काही मालिका लिहावी, हा लाडांचा आग्रह. त्यातून गीतरामायणाची कल्पना निघाली. चाली सुधीर फडके यांनी बांधावयाच्या असे ठरले. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी पस्तिशीचे. दोघेही चित्रपटाच्या धंद्यात मुरलेले. केसकरांनी चित्रपटगीतावर कुऱ्हाड चालविली त्या १९५२ सालीच या दोघांच्या सहभागाचा, राजा परांजपे दिग्दर्शित 'लाखाची गोष्ट' हा चित्रपट पडद्यावर आला होता. मंत्रिमहोदयांच्या जन्मगावच्या केंद्रात चित्रपटसृष्टीतील ही जोडी सन्मानाने आत आली. फरक एवढाच की ती आता चित्रपटासाठी काम करीत नव्हती.

१ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता आणि रामनवमी होती. त्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास पहिले गीत फडके यांच्या आवाजात प्रसारित झाले. दर शुक्रवारी नवे गीत. तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा. एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत ५२ आठवडे धरून ५२ गीतांची योजना होती. परंतु त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. वर्ष लांबले आणि गीते ५६ झाली. युरोपीय रचनाकाराच्या संख्येस अर्थ असतो तो रचनाक्रमाचा; येथे संख्या पंचांगाने ठरविली. या एका तपशिलात दोन्ही परंपरांमधील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके सिद्धान्ताच्या चर्चेत दिसत नाही.

आठवड्याला एक गीत या वेगाने कवीला लिहावे लागे, संगीतकाराला चाल लावावी लागे, गायकाला बसवून घ्यावी लागे. तीन दिवस तेच गीत ऐकल्यावर श्रोत्याला चाल येई. पुण्यातील वृत्तपत्रे गीताचे शब्द छापीत. त्यामुळे ज्याच्याकडे रेडिओ नाही त्यालाही शब्द मिळत आणि ज्याने चाल ऐकली तो ते शब्द त्या चालीत म्हणे. राष्ट्रीय वाद्यवृंदास जे साधले नाही ते येथे घडले : ठरलेली वेळ, पुनरुक्ती, छापील संहिता आणि कथानक आधीपासून ठाऊक असलेला श्रोता. गीत चालू होण्यापूर्वी संचास हार घालून उदबत्ती लावणाऱ्या घरांच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. यात भक्तीचा भाग किती आणि संगीताचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. काढण्याची गरजही नाही. युरोपातही बाखचे कितीतरी संगीत चर्चमधील वारास आणि सणास बांधलेले होते.

गीतरामायणाची रचना नीट पाहिली तर ती केवळ गीतांची माळ नाही. प्रत्येक गीत रामकथेतील कोणत्या तरी पात्राच्या तोंडी आहे. कधी दशरथ बोलतो, कधी कौसल्या, कधी शूर्पणखा, कधी निषादराज. म्हणून आवाजही अनेक घेतले गेले. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, चंद्रकांत गोखले अशा तीसहून अधिक गायक-गायिकांनी ही गीते गायली. त्यांत ख्यालगायक होते, भावगीतगायक होते आणि नटही होते. पात्रास साजेसा आवाज आणि प्रसंगास साजेसा राग अशी निवड आठवड्यामागून आठवडा करीत जाणे हे काम वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या रचनाकाराच्या कामाशी जुळणारे आहे. तो वाद्यांच्या जातींतून रंग निवडतो. फडक्यांनी कंठांच्या जातींतून निवडले. साथीची वाद्ये मोजकीच होती. ज्या हार्मोनियममागे बसून फडके पुढे गावोगावी गीतरामायण गात राहिले, त्या हार्मोनियमला आकाशवाणीच्या नियमानुसार त्या वेळी प्रवेशच नव्हता.

'गीतरामायण म्हणजे मराठीची सिंफनी' असे मात्र म्हणू नये. सिंफनीचा प्राण स्वरसंवादाच्या आणि विषयविकासाच्या शास्त्रात आहे. गीतरामायणाचा शब्दात आहे. साम्य आहे ते रूपाचे नव्हे, सार्वजनिक स्थानाचे. एका कवीची आणि एका संगीतकाराची नावे घेऊन, त्यांची पूर्ण कृती क्रमाने ऐकावयाची असते, ही सवय मराठी श्रोत्याला नभोवाणीने लावली. नाट्यसंगीतात आणि भावगीतांत चाल देणाऱ्याचे नाव जाणकारांना ठाऊक असे. येथे ते सर्वांना ठाऊक झाले.

गावातील संच

हे 'सर्व' कोण, हा प्रश्न उरतोच. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि काही मैलांवर क्षीण होतात; रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, पण मग दूरदूरची केंद्रेही एकमेकांत मिसळतात. म्हणजे सकाळचा कार्यक्रम स्वच्छ ऐकावयाचा तर केंद्र जवळ हवे. पवन मावळाच्या दृष्टीने पुणे केंद्र निघणे याचा व्यावहारिक अर्थ हाच होता. संच मात्र दुर्मीळ होते. वीज नसलेल्या गावात झडपांचा रेडिओ चालवावयाचा तर जड आणि महागडी बॅटरी लागे. खेड्यांत पाहावयास मिळे तो बहुधा पंचायतीचा वा शाळेचा सामुदायिक संच.

गीतरामायणाची अखेरची गीते प्रसारित होत असतानाच, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे केंद्रावरून एक दुसरा प्रयोग चालू होता. युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत नभोवाणी श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावेत, अशी योजना होती. दहा आठवड्यांत असे २० कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि ते काम पाहणारे पॉल न्यूराथ हे काउफमानांप्रमाणेच नाझींमुळे देशोधडीस लागलेले, मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ होते. श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतर गावांपेक्षा स्पष्ट वाढ झाली, असे त्यांच्या पाहणीत दिसून आले.

या दोन प्रयोगांचा एकत्र विचार सहसा केला जात नाही. एक संगीताच्या इतिहासात जातो, दुसरा ग्रामविकासाच्या. परंतु केंद्र एकच, वर्ष एकच आणि पुष्कळ ठिकाणी कान लावून बसलेला माणूसही एकच. सकाळी रामकथा आणि संध्याकाळी खतांची माहिती ऐकणाऱ्या त्या श्रोत्याला स्थानिक भाषेत बोलणारे, जवळचे आणि वक्तशीर केंद्र प्रथमच मिळाले होते. मुंबईहून १९३७ सालीही सूर हवेत सुटत होते. ते त्याच्यासाठी नव्हते. सार्वजनिक नभोवाणीच्या यशाचे माप प्रक्षेपकाच्या शक्तीत नसून अशा श्रोत्याशी जडलेल्या नात्यात आहे, हे पुण्याच्या त्या एका वर्षातून दिसते.

अनेक कंठांतून एका कंठाकडे

३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच दिवशी विविध भारती ही सेवा सुरू झाली आणि पाच वर्षे बाहेर राहिलेले चित्रपटगीत आकाशवाणीवर परत आले. एकाच तारखेस सरकारने चित्रपटगीतासंबंधीचा आपला पराभव मान्य केला आणि चित्रपटसृष्टीतील दोन माणसांनी आकाशवाणीला मिळवून दिलेल्या यशाची नोंदही केली. हा योगायोग कोणी मुद्दाम घडविला असेल असे वाटत नाही.

पुढे ही कृती नभोवाणीच्या हातून निसटत गेली. फडके यांनी ती रंगमंचावर एकट्याने गाण्यास आरंभ केला आणि शेकडो कार्यक्रम केले. १९६५ मध्ये एचएमव्हीने तिच्या दहा दीर्घ मुद्रिका काढल्या. आवाज एकट्या फडक्यांचा. त्या घरोघर गेल्या आणि नंतरच्या पिढ्यांना गीतरामायण म्हणून जे ठाऊक झाले ते हेच. बाजाराच्या दृष्टीने हे योग्यच होते. तीसहून अधिक गायकांचे करार करण्यापेक्षा एका लोकप्रिय आवाजाची मुद्रिका काढणे केव्हाही सोपे. शिवाय फडक्यांचे गायन इतके परिणामकारक होते की तक्रार करण्यास जागा राहिली नाही. तरीही मूळ रूपात कौसल्येचे गीत स्त्रीच्या कंठातून आणि नटाचे गीत नटाच्या कंठातून येत होते. तो पात्रभेद मुद्रिकांत राहिला नाही. संगीतकाराने स्वरांची जी वाटणी केली होती, ती स्वतः संगीतकाराच्याच आवाजाने झाकली गेली. बेथोव्हेनच्या सिंफनीचे केवळ पियानोवर वाजविण्यासाठी केलेले रूपांतर ऐकून मूळ वृंदाची कल्पना करावी, तसे काहीसे आजच्या श्रोत्याचे झाले आहे.

तिकोणा पेठेच्या परिसरात १९६० नंतर हळूहळू ट्रान्झिस्टर आले. बॅटरी लहान झाली, संच खांद्यावरून शेतात जाऊ लागला आणि सामुदायिक श्रवण मागे पडले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरणाचे पाणी खोऱ्यात पसरले. काठच्या जमिनी त्याखाली गेल्या. त्या आधीच्या काळात चावडीवर एकत्र बसून ऐकणारी जी माणसे या मावळात होती, त्यांच्या कानांवर पडलेले गीतरामायण दर शुक्रवारी वेगळ्या आवाजात येणारे होते.